बॅटरी तिसऱ्यांदा बदलण्याआधी: बाइकच्या चार्जिंग वायरिंगमध्ये व्होल्टेज कुठे मुरतो ते कसं शोधायचं

सेल्फ एकदा ‘टक’ करून गप्प बसतो, हॉर्न घसा बसल्यासारखा वाजतो, इंडिकेटर मंदावतो. गॅरेजमध्ये उत्तर तयार असतं: ‘बॅटरी गई छे, बदली नाखो’ (बॅटरी गेली, बदलून टाका). नवी बॅटरी टाकली की तीन-चार महिने बरे जातात आणि पुन्हा तेच सुरू होतं. मग चार्जिंगचा व्होल्टेज आवरणारा रेग्युलेटर बदलला जातो, त्यानंतर इंजिनात वीज तयार करणारी कॉइल. बऱ्याच बाइकमध्ये हे तिन्ही भाग धडधाकट असतात. दोष त्यांना जोडणाऱ्या वायरीत, कपलरमध्ये (वायरी जोडणाऱ्या प्लॅस्टिकच्या सॉकेटमध्ये), फ्यूजच्या खाचेत किंवा अर्थिंगच्या बोल्टखाली असतो.

वडोदऱ्यात हे जास्त दिसतं, कारण इथल्या कितीतरी बाइक विश्वामित्री नदीच्या पाण्यात उभ्या राहिलेल्या आहेत. २०१९ आणि २०२४ च्या पुरानंतर लोकांनी इंजिन ऑइल बदललं, एअर फिल्टर बदलला, ब्रेक उघडून साफ केले. कपलर मात्र फारच थोड्यांनी उघडले. पुराचा बारीक गाळ कपलरमध्ये बसतो, दर पावसाळ्यात ओल धरतो आणि वर्ष-दोन वर्षांनी पितळी पिना हिरव्या पडतात. माझी १५० सीसीची बाइक इथल्याच अकोटा भागातल्या पार्किंगमध्ये सीटपर्यंत बुडाली होती. त्यानंतर मी दोन बॅटऱ्या आणि एक रेग्युलेटर विकत घेतला. दोष निघाला फ्यूजच्या खाचेत, आणि तो शोधायला मीटर लावून वीस मिनिटं लागली. पैसे खर्च करण्याआधी ती वीस मिनिटं प्रत्येकाने द्यावीत, म्हणून हे लिहितोय.

टप्पे दिलेल्या क्रमानेच करा. मधला टप्पा गाळला तर पुढचे आकडे चुकीचा अर्थ सांगतात.

## टप्पा १: तयारी

हे सामान हाताशी ठेवा:

- डिजिटल मल्टिमीटर. साधा चालेल, पण डीसी २० व्होल्ट, डीसी २ व्होल्ट (किंवा २००० मिलिव्होल्ट) आणि एसी २०० व्होल्ट या रेंज हव्यात.
- मीटरच्या पिनांना लावायच्या दोन मगर क्लिपा. एक हात ॲक्सिलरेटरवर असताना दुसऱ्या हाताने दोन पिना धरणं जमत नाही.
- दोन लांब शिवणाच्या सुया. कपलर न उघडता मागच्या बाजूने वायरीशेजारून आत सरकवायला.
- कॉन्टॅक्ट क्लीनर स्प्रे, झिरो नंबरचा पॉलिश पेपर, पितळी तारांचा छोटा ब्रश, पेट्रोलियम जेली.
- सीट आणि साइड पॅनल काढायला लागणारे पाने.
- वही. आकडे लक्षात राहतील असं वाटतं, पण राहत नाहीत.

बाइक मोकळ्या हवेत, डबल स्टँडवर उभी करा. बंद पार्किंगमध्ये इंजिन चालू ठेवून अर्धा तास काम करू नका. धूर जिवावर बेतू शकतो. बोटातली अंगठी आणि हातातलं धातूचं घड्याळ काढून ठेवा. बॅटरीच्या प्लसवर ठेवलेला पाना फ्रेमला टेकला तर तिथेच वेल्डिंग होतं, आणि मध्ये अंगठी असेल तर बोट भाजतं.

> सावधान: ‘इंजिन चालू ठेवून बॅटरीची वायर काढा, गाडी बंद पडली नाही तर चार्जिंग ठीक’ ही चाचणी अजूनही काही जण करतात. कधीही करू नका. बॅटरी सुटली की व्होल्टेज एकदम उसळतो. १ एप्रिल २०२० नंतरच्या बीएस-६ बाइक बहुतेक फ्युएल इंजेक्शनच्या आहेत, आणि त्या उसळीत ईसीयू (इंजिन चालवणारा इलेक्ट्रॉनिक डबा) जळू शकतो. ईसीयूच्या किमतीत कितीतरी बॅटऱ्या येतात.

## टप्पा २: आधी मीटर तपासा

मीटरचा स्वतःचा सेल उतरला असेल तर स्वस्त मीटर खऱ्यापेक्षा जास्त व्होल्टेज दाखवतात. बॅटरी १२.३ वर असते, मीटर १३ सांगतो आणि आपण निर्धास्त होतो. म्हणून आधी मीटरमध्ये नवा सेल घाला.

मग मीटर ओहमवर ठेवून दोन्ही पिना एकमेकींना टेकवा. ०.२ किंवा ०.३ ओहम दिसेल. हा तुमच्या मीटरच्या वायरींचाच रोध आहे. हा आकडा लक्षात ठेवा, कारण लोकांची सगळ्यात मोठी चूक इथेच होते.

ती चूक अशी. मीटर ‘बीप’वर ठेवायचा, वायरीच्या दोन टोकांना पिना लावायच्या, बीप वाजला की ‘वायर ठीक आहे’ म्हणायचं. वायरीतल्या वीस तारांपैकी एकच शाबूत असली तरी बीप वाजतो, कारण त्या वेळी मीटर वायरीतून अगदी नगण्य करंट सोडतो. चार्जिंगच्या वायरीतून सहा-सात अँपिअर जायचे असतात. हिशोब करून बघा: गंजलेल्या पिनेचा रोध ०.१ ओहम आणि करंट ६ अँपिअर, तर त्या एका पिनेत ०.६ व्होल्ट मुरतो आणि ३.६ वॅट उष्णता तयार होते. मीटरच्या वायरींचाच रोध ०.२ असताना हा ०.१ ओहम वेगळा दिसणार कसा? म्हणून वायर तपासायची ती करंट वाहत असताना, आणि मोजायचा तो व्होल्टेज.

## टप्पा ३: बॅटरी एकटी

बॅटरी चार्जरवर पूर्ण चार्ज करा. ५ अँपिअर-अवरच्या बॅटरीला अर्धा अँपिअर पुरे. घाईने मोठा करंट देऊ नका. चार्जर काढल्यावर निदान चार तास तिला तशीच राहू द्या. चार्जिंगनंतर लगेच दिसणारा १३ च्या वरचा आकडा वरवरचा असतो.

चार तासांनी १२.६ ते १२.८ व्होल्ट दिसले तर बॅटरी भरलेली आहे. १२.४ म्हणजे साधारण पाऊण, आणि १२ म्हणजे जवळपास रिकामी. रात्रभर चार्ज करूनही १२.४ च्या वर जात नसेल तर बॅटरी खरंच संपली आहे. तरीही पुढचे टप्पे कराच, कारण तिला संपवणारा दोष गाडीत शिल्लक असेल तर नवीही तशीच जाईल.

आता सेल्फ मारताना मीटर बघा. ९.६ च्या खाली घसरण होऊ नये.

एक बारकावा. मीटरची पिन बॅटरीच्या शिशाच्या खांबावर टेकवा, त्याला लावलेल्या थिंबलवर (वायरीच्या टोकाच्या धातूच्या कडीवर) किंवा बोल्टवर नको. मग मुद्दाम थिंबलवर टेकवून सेल्फ मारा. दोन आकड्यांत फरक आला तर पहिला दोष सापडला: थिंबल आणि खांब यांच्यामध्ये चुन्यासारखी पांढरी पूड बसली आहे. ती घासून काढा, बोल्ट आवळा आणि मगच पुढे जा.

> तपासणी: बॅटरीच्या वायरी काढताना आधी मायनस, लावताना शेवटी मायनस. हा क्रम उलटा करू नका.

## टप्पा ४: चालू इंजिनवर बॅटरीवरचा आकडा

मीटर डीसी २० वर ठेवून मगर क्लिपा बॅटरीच्या दोन्ही खांबांना लावा. इंजिन सुरू करून दोन मिनिटं चालू द्या. मग तीन आकडे वहीत लिहा: आयडलिंगला, साधारण ३००० आरपीएमला आणि ५००० आरपीएमला. बाइकला आरपीएमचा काटा नसेल तर थर्ड गिअरमध्ये पन्नासच्या वेगाला इंजिनाचा जसा आवाज येतो, तेवढी रेस धरा. एकाने रेस द्यावी, दुसऱ्याने मीटर वाचावा.

- १३.८ ते १४.५: चार्जिंग ठीक आहे. बॅटरी तरीही उतरत असेल तर गाडी बंद असताना काहीतरी करंट खातंय, ते वेगळं शोधावं लागेल.
- १३.५ च्या खाली: पुढचे सगळे टप्पे तुमच्यासाठीच आहेत.
- १५ च्या वर: इंजिन लगेच बंद करा आणि थेट टप्पा ९ वाचा.

हेडलाइटबद्दल एक गोष्ट आधी ठरवून घ्या. पुष्कळ जुन्या बाइकमध्ये हेडलाइट थेट कॉइलच्या एसीवर चालतो. आयडलिंगला तो मंद असतो आणि रेस दिली की उजळतो. १ एप्रिल २०१७ पासून दुचाकींना हेडलाइट सतत चालू ठेवणं सक्तीचं झालं, त्यामुळे बटण नाही म्हणजे एसी नाही, असा अर्थ काढू नका. हेडलाइट एसीवर असेल तर पुढच्या चाचण्यांत तो लोड (बॅटरीच्या वायरिंगमधून करंट ओढणारी वस्तू) म्हणून धरता येत नाही. ब्रेक लाइट आणि इंडिकेटर वापरा.

## टप्पा ५: रेग्युलेटरपाशी किती?

रेग्युलेटर म्हणजे वर उभ्या पट्ट्या असलेला ॲल्युमिनिअमचा चपटा डबा. तो सहसा हँडलखाली, साइड पॅनलमागे किंवा मागच्या चाकाजवळ असतो. त्याच्याकडे कॉइलच्या वायरी येतात, तीन-फेजच्या बाइकमध्ये (जिथे कॉइलची वीज तीन वायरींनी येते) बहुधा तीन पिवळ्या. त्यातून प्लस आणि मायनस बाहेर पडतात. रंगांवर पूर्ण विसंबू नका. दरवेळी वायर हाताने मागे-पुढे धरून ती कुठे जाते ते बघा.

रेग्युलेटरच्या कपलरमध्ये मागच्या बाजूने सुया सरकवा: एक प्लसच्या वायरीशेजारी, एक मायनसच्या. सुया एकमेकींना किंवा फ्रेमला टेकता कामा नयेत. मध्ये पुठ्ठ्याचा तुकडा ठेवा. ५००० आरपीएमला या दोन सुयांमधला व्होल्टेज मोजा.

इथे वाट दुभंगते. रेग्युलेटरपाशी १४.३ आणि बॅटरीवर १३.१ असेल तर १.२ व्होल्ट मधल्या वायरिंगमध्ये मुरतोय. रेग्युलेटर चांगला आहे, कॉइल चांगली आहे, काहीही विकत घेऊ नका. टप्पा ६ कडे जा. दोन्हीकडे १३.१ च असेल तर दोष त्याच्या मागे, कॉइलच्या बाजूला किंवा खुद्द रेग्युलेटरमध्ये आहे. तेव्हा टप्पा ८.

रेग्युलेटर बॅटरीला बघत नाही; बहुतेक बाइकमध्ये तो आपल्याच तोंडापाशी १४.३ झाले की समाधानी असतो. पुढे वायरीत किती गळालं याची त्याला खबरच नसते. म्हणून नवा रेग्युलेटर लावूनही आकडा तसाच राहतो. माझ्याबाबतीत नेमकं हेच झालं होतं.

## टप्पा ६: प्लसच्या वाटेवरची गळती

या टप्प्याला घाई करू नका. सगळ्या लेखाचं मर्म इथे आहे.

आधी बॅटरी थोडी उतरवा. चमत्कारिक वाटेल, पण हे गरजेचं आहे. बॅटरी काठोकाठ भरलेली असेल तर ती करंट घेतच नाही. करंट नाही म्हणजे गंजलेल्या पिनेतही व्होल्टेज मुरत नाही, आणि सगळं छान असल्याचा भास होतो. इंजिन बंद ठेवून पाच मिनिटं हेडलाइट चालू ठेवा. तो एसीवरचा असेल तर किल्ली ऑन करून ब्रेक लाइट आणि इंडिकेटर दहा मिनिटं.

मग मीटर असा लावा. डीसी २ व्होल्टची रेंज. लाल पिन रेग्युलेटरच्या प्लसच्या सुईला. काळी पिन बॅटरीच्या *प्लस* खांबाला. दोन्ही पिना प्लसवर, हे वाचून अनेक जण थबकतात. बरोबर तेच हवंय: वायरीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत किती व्होल्टेज खर्च झाला, एवढंच मीटर सांगेल.

इंजिन सुरू करा, दिवे लावा, ५००० आरपीएम.

- ०.२ पर्यंत: उत्तम.
- ०.३: चालेल, पण जुन्या बाइकमध्येच.
- ०.५ किंवा जास्त: दोष याच वाटेवर आहे.
- उणे चिन्ह: करंट उलटा, म्हणजे बॅटरीकडून दिव्यांकडे वाहतोय. कॉइल-रेग्युलेटर जेवढं देतात त्यापेक्षा खर्च जास्त आहे. जादा फॉगलाइट काढून पुन्हा मोजा.

आकडा जास्त आला तर वाट तुकड्यांत कापा. काळी पिन बॅटरीवरून उचलून फ्यूजच्या अलीकडच्या (रेग्युलेटरकडच्या) बाजूला लावा, मग पलीकडच्या, मग स्टार्टर रिलेच्या (सेल्फला करंट जोडणाऱ्या स्विचच्या) बोल्टवर. दोन शेजारच्या ठिकाणांमध्ये आकडा जिथे उडी मारतो, तिथे दोष. एका सांध्यात ०.०५ च्या वर जायला नको.

माझ्या वहीतले त्या दिवशीचे आकडे असे होते: रेग्युलेटरपासून बॅटरीपर्यंत ०.८१. फ्यूजच्या अलीकडे ०.०९. फ्यूजच्या पलीकडे ०.७१. म्हणजे बोटाच्या पेराएवढ्या जागेत ०.६२ व्होल्ट. फ्यूज काढून बघितला तर तो शाबूत होता, वरून अगदी स्वच्छ दिसत होता. पण त्याचं एक पातं निळसर-काळं पडलं होतं, आणि होल्डरचं प्लॅस्टिक त्या बाजूने किंचित वितळून आतल्या पितळी पकडीवरून सरकलं होतं. पकड सैल झालेली, आणि आत मातकट रंगाची पुराच्या गाळाची बारीक रेघ. फ्यूज ‘गेलेला नाही’ एवढंच बघून मी स्वतः आणि दोन मेकॅनिक त्याच्यावरून पुढे गेलो होतो.

> तपासणी: पंधरा मिनिटं बाइक चालवून लगेच फ्यूज, कपलर आणि स्टार्टर रिलेला बोट लावून बघा. इंजिनापासून दूर असलेला सांधा गरम लागला तर मीटर लावायला तिथूनच सुरुवात करा.

इंजिन बंद ठेवून अर्धी चाचणी. पहाटे सोसायटीत रेस देणं बरं दिसत नसेल तर किल्ली ऑन करा, दिवे लावा आणि बॅटरीच्या प्लसपासून फ्यूजच्या रेग्युलेटरकडच्या बाजूपर्यंत गळती मोजा. करंट उलट दिशेने वाहतो, सांधा तोच असतो. फ्यूज होल्डर आणि रिलेचे दोष यात पकडले जातात. रेग्युलेटरच्या कपलरचे मात्र नाहीत.

## टप्पा ७: मायनस आणि अर्थिंग

लोक प्लस शोधून दमतात आणि अर्थिंग विसरतात. लाल पिन बॅटरीच्या मायनस खांबाला, काळी पिन रेग्युलेटरच्या मायनसच्या सुईला. तेच लोड, तीच रेस. इथे ०.१ च्या वर आकडा नको.

जास्त आला तर काळी पिन आधी फ्रेमच्या उघड्या धातूवर, मग इंजिनाच्या बॉडीवर लावून बघा. अर्थिंगची थिंबल फ्रेमला ज्या बोल्टने आवळलेली असते तो उघडा. अपघातानंतर किंवा पुरानंतर फ्रेम रंगवून घेतली असेल तर थिंबलखाली रंगाचा थर सापडतो. रंगातून वीज जात नाही. ती फक्त बोल्टच्या आट्यांतून कशीबशी वाट काढत असते. तेवढ्या जागेचा रंग खरवडून धातू चकचकीत करा, थिंबल आवळा आणि नंतर वरून पेट्रोलियम जेलीचा हात द्या. जेली आधी आणि बोल्ट नंतर असं करू नका.

सेल्फ मारताना बॅटरीच्या मायनसपासून इंजिनाच्या बॉडीपर्यंतही एकदा मोजा. ०.३ च्या वर गेलं तर इंजिनाची जाड अर्थिंग वायर कमजोर आहे.

## टप्पा ८: कॉइलची बाजू

रेग्युलेटरपाशीच आकडा कमी होता त्यांच्यासाठी हा टप्पा. आधी इंजिन बंद करा, मग कॉइल आणि रेग्युलेटरमधला कपलर उघडा. आत बघा: पिवळ्या वायरींपैकी एखादीची पिन तपकिरी झाली आहे का, प्लॅस्टिक फुगलंय का. तीन-फेजच्या बाइकमध्ये हा कपलर जळणं हा अगदी नेहमीचा दोष आहे, आणि कॉइल बदलून तो जात नाही, कारण नवी कॉइल त्याच जळक्या कपलरला जोडली जाते.

> सावधान: कपलर उघडा ठेवून इंजिन चालवलं की या वायरींवर ५०-६० व्होल्ट एसी किंवा त्याहून जास्त येऊ शकतो. क्लिपा इंजिन बंद असताना लावा आणि चालू झाल्यावर उघड्या पिनांना हात लावू नका.

मीटर एसी २०० वर ठेवून पिवळ्या वायरी जोडीजोडीने मोजा: पहिली-दुसरी, दुसरी-तिसरी, पहिली-तिसरी. नेमका आकडा मॉडेलप्रमाणे बदलतो. बघायचं ते हे की तिन्ही जोड्या जवळजवळ सारख्या आहेत आणि रेसबरोबर सारख्याच वाढतात. एका वायरीच्या दोन्ही जोड्या मागे पडत असतील तर ती वायर किंवा ते वेटोळं गेलं. इंजिन बंद करून प्रत्येक पिवळी वायर आणि इंजिनाची बॉडी यांच्यात ओहम बघा. काहीही जोड दिसता कामा नये. एक-फेजच्या लहान बाइकमध्ये कॉइलचं एक टोक मुळातच अर्थ केलेलं असू शकतं, त्यांना हा नियम लावू नका.

तिन्ही जोड्या सारख्या असतील तर कपलर साफ करून पुन्हा जोडा. मीटर एसीवर, एक सुई कपलरच्या अलीकडे आणि दुसरी *त्याच* वायरीवर पलीकडे. एका पिनेत अर्धा व्होल्ट मुरत असेल तर कपलर बदलायचाच. इथे सगळं स्वच्छ निघालं, कॉइल समान देते, प्लस-मायनसची गळती नाही आणि तरीही आकडा १३.५ च्या खाली आहे, तेव्हा रेग्युलेटर बदला.

## टप्पा ९: १५ च्या वर जाणारी बाइक

काही रेग्युलेटरना एक जादा बारीक वायर असते. ती किल्लीच्या स्विचमधून येते आणि गाडीत व्होल्टेज किती आहे हे रेग्युलेटरला सांगते. स्विचचे संपर्क घासले की या वायरीवर खऱ्यापेक्षा कमी व्होल्टेज पोचतो. समजा बॅटरीवर १४.३ आणि बारीक वायरीवर १३.४. रेग्युलेटर ते ०.९ भरून काढायला आणखी व्होल्टेज देतो, आणि बॅटरीवर १५.२ होतात. बॅटरी उकळते, बल्ब वरचेवर उडतात.

बॅटरीच्या प्लसपासून या बारीक वायरीपर्यंत टप्पा ६ सारखीच गळती मोजा. ०.२ च्या वर असेल तर आधी स्विच आणि त्याचा कपलर साफ करा. अशी वायरच नसेल, किंवा तिच्यात गळती नसेल, तर रेग्युलेटर आतून बिघडला आहे.

## टप्पा १०: दुरुस्ती

काम सुरू करण्याआधी बॅटरीचा मायनस काढा.

हलका गंज असेल तर कॉन्टॅक्ट क्लीनर मारा, पितळी ब्रशने घासा, पुन्हा क्लीनर मारा आणि वाळू द्या. नट-बोल्टचा गंज सोडवायचा तेलकट स्प्रे म्हणजे कॉन्टॅक्ट क्लीनर नव्हे. तो मागे चिकट थर ठेवतो आणि धूळ धरतो. सैल झालेली मादी पिन टाचणीने हळूच आवळता येते. पण जिचा रंग निळा-काळा झाला आहे, तिची स्प्रिंग गेलेली असते. ती साफ करून परत लावू नका, नवी घाला.

वायर कापावी लागली तर आतल्या तांब्याकडे नीट बघा. पुरात बुडालेल्या वायरीत पाणी प्लॅस्टिकच्या आतून, तारांमधून वर चढतं. टोक साफ केलंत तरी दोन-तीन इंच आतपर्यंत तांबं काळं असू शकतं. लालसर चकचकीत तांबं दिसेपर्यंत मागे कापत जा आणि तेवढाच नवा तुकडा जोडा. काळ्या तांब्याला झाळ धरत नाही. वरून धरल्यासारखी दिसते आणि महिन्याभरात सुटते.

जोड क्रिंप करून (धातूच्या नळीत घट्ट दाबून) वर हीट-श्रिंक स्लीव्ह (गरम केल्यावर आवळणारी प्लॅस्टिकची नळी) चढवा. नुसती झाळ मारलेली वायर जिथे झाळ संपते तिथे ताठ होते आणि इंजिनाच्या थरथरीने तुटते. पीळ देऊन काळी टेप गुंडाळणं तर मुळीच नको: वडोदऱ्याच्या मे महिन्यात तिचा गोंद पाघळतो, टेप सरकते, आणि पहिल्या पावसात उघडा पडलेला जोड हिरवा होतो. फॉगलाइटसाठी किंवा मोबाइल चार्जरसाठी मूळ वायर सोलून तोड घेतलेली असेल तर तीही आताच उघडून बघा.

नवी वायर २.५ चौरस मिलिमीटरची तांब्याची घ्या. १० अँपिअरला तिच्या एका मीटरमध्ये ०.०८ व्होल्टच्या आसपास गळती होते, ०.७५ च्या बारीक वायरीत तीच पाव व्होल्टवर जाते.

> सावधान: रेग्युलेटरच्या प्लसपासून बॅटरीपर्यंत वेगळी वायर टाकून मधला सगळा गोंधळ टाळायचा मोह होतो. टाकायचीच असेल तर बॅटरीजवळ मूळ फ्यूजएवढाच फ्यूज त्या वायरीत असलाच पाहिजे. फ्यूजशिवाय वायर कुठे घासून फ्रेमला टेकली तर बाइक पेटते. मूळ फ्यूज वारंवार उडतो म्हणून मोठा घालणं हाही तोच धोका.

## टप्पा ११: पुन्हा तेच आकडे

वही उघडा. टप्पा ४, ६ आणि ७ त्याच क्रमाने, त्याच लोडवर पुन्हा करा आणि नवे आकडे जुन्यांशेजारी लिहा. माझे असे आले: बॅटरीवर १३.२ चे १४.१, प्लसची गळती ०.८१ ची ०.१६. चालू इंजिनवर वायरिंगचा प्रत्येक गठ्ठा आणि कपलर हाताने हलवून बघा, हँडल दोन्हीकडे पूर्ण वळवा. आकडा उड्या मारत असेल तर अजून एक अर्धवट तुटलेली वायर शिल्लक आहे. बहुतेकदा ती हँडलच्या मानेपाशी असते.

दोन दिवसांनी सकाळी, किल्ली लावण्याआधी बॅटरी मोजा. १२.६ च्या आसपास टिकली असेल तर सीट बसवा. पुढचं मोजणं पावसाळा संपला की, नवरात्राच्या आधी करा. गरब्याहून रात्री एक वाजता परतताना सेल्फ लागला नाही तर तिथे मीटर नसतो. शिवाय सर्व्हिसिंगला धुताना प्रेशरचा पाइप रेग्युलेटरच्या कपलरवर धरू नका, असं धुणाऱ्याला दरवेळी आधीच सांगा.